नळीचं खालचं टोक

उन्हाळ्यात बांबूच्या पाव्याला पडणारा तडा आधी डोळ्यांना दिसत नाही. पावा पाण्यात बुडवून काढावा आणि सावलीत धरावा. बाकीचा बांबू वाळत जातो, आणि तोंडापासून तिसऱ्या भोकापर्यंत केसाहून बारीक अशी एक ओली रेघ मागं राहते. त्या एप्रिलमध्ये शाळेच्या पाचही पाव्यांवर मला ती रेघ सापडली.

१९६७ साल होतं. कळसाडीच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवत असे. संगीताला शिक्षक नव्हता, आणि ध्वनी हा धडा माझ्याकडं असल्यामुळं मुलींचं पावापथकही माझंच, असं हेडमास्तरांनी ठरवून टाकलं होतं. हा पावा आडवा धरायचा नसतो, टोकाकडून फुंकायचा असतो. तोंडात सागाची खुंटी बसवलेली असते, तिच्या कडेनं श्वास आत जातो आणि नळी बोलते. शिकायला सोपा, पण खानदेशच्या उन्हात बांबू टिकत नाही. तडा गेला नाही तर भुंगा लागतो. पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी मी तिसऱ्यांदा पावे करत होते आणि अगदी वैतागले होते.

मी राहत होते भाईदासनानांच्या घरी, पडवीलगतच्या खोलीत. गुजर घर. कापूस, ऊस, दोन बैलजोड्या, वर मातीचं धाबं. आपसात ते गुजरी बोलत, माझ्याशी अहिराणी. गावात वीज आली होती, पण या घरात कंदीलच लागत. तारा घालायचं सामान आणायला नानांचा मुलगा प्रेमचंद काही वर्षांपूर्वी सुरतेला गेला होता. सामान नंदुरबार स्टेशनवर उतरलं, तो उतरला नाही. नवापूरपासून सुरतेपर्यंत माणसं पाठवून झाली. त्यानंतर घरात कुठलाही विषय निघाला की नाना एकच बोलत, "प्रेमचंद येऊ दे, मंग देखू." विजेचं तेच, विहिरीवरच्या इंजिनाचं तेच, आणि वत्सलाचंही तेच.

वत्सला प्रेमचंदची बायको. लग्नाआधी सातवी फायनल पास झालेली. धुळ्याला शिक्षिकांच्या ट्रेनिंगला तिनं जावं म्हणून मी तिच्याकडून गणित आणि व्याकरण पुन्हा करून घेतलं होतं. जूनमध्ये मुलाखत होती. त्या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे. ती सासूला, तापीबाईंना सांगे, तापीबाई नानांना सांगत, आणि उत्तर त्याच वाटेनं परत येई. धुळ्याचा प्रश्न त्या वाटेनं होळीच्या आधी गेला होता. उत्तर मी तिच्याआधीच म्हणून दाखवलं असतं.

नळी वत्सलानंच दिली. पडवीच्या आढ्याला गोणपाटात बांधलेला एक गठ्ठा होता. तारा घालायच्या राखी रंगाच्या प्लास्टिकच्या नळ्या, प्रेमचंदनं पाठवलेल्या. त्याला कुणी हात लावत नसे. फुटलेला पावा माझ्या हातात बघून ती स्टुलावर चढली आणि विळीनं सुतळी कापली. मी नानांना विचारायला हवं म्हणाले. ती म्हणाली, विचारून काय उत्तर येईल ते तुम्हाला ठाऊक आहे.

नळी कामाला फार चांगली होती. लोखंड कापायच्या करवतीनं कापली, कानशीनं कड घासली, तापवलेल्या सळईनं भोकं पाडली. जळक्या प्लास्टिकचा वास दोन दिवस खोलीत राहिला. सागाची खुंटी ठोकून बसवली. पाचही पावे सारखे, एका लांबीचे. मी ते दिवसभर उन्हात ठेवले, मग हौदात टाकले, ओट्यावरून खाली फेकले. सूर हलला नाही. असं समाधान मला त्या वर्षात दुसऱ्या कशातही मिळालं नव्हतं. ते फार टिकलं नाही.

पाचवा पावा अंगणात वाजवून बघितला तेव्हा तो खाली बोलला. थोडा नाही, पुरतं एक सप्तक खाली, पोकळ आणि जाड. दोन्ही टोकं उघडी असलेल्या नळीचं खालचं टोक झाकलं की सूर असा एक सप्तक उतरतो. हे मी दरवर्षी वर्गात तळवा लावून दाखवत असे आणि मुली हसत. मी पाव्यात काठीला चिंधी बांधून घातली. ती आरपार निघाली. डोळ्याला लावून पाहिलं, पलीकडचा उजेड गोल दिसला. पुन्हा फुंकला. खाली.

"बाई, तुमनी पुंगीले पडसं व्हयनं का?" तापीबाई धान्य पाखडता पाखडता म्हणाल्या.

मी खुंटी काढून नवी बसवली. नळीची बोटभर लांबी कापून टाकली. शाळेत नेऊन नादकाट्याशी लावला, तिथं बरोबर. घरी आणला, खाली. मग चिडून दुसरा पावा उचलला, जो कालपर्यंत बरोबर होता. आता तो खाली होता, आणि पाचवा नीट. याचा अर्थ दोष नळीत नव्हता. मला दोष नळीत असायला हवा होता. नळी कापता येते.

सुट्टीतही सराव चालू होता. रविवारी मुली अंगणात आल्या. पाचजणी एका रांगेत वाजवत होत्या आणि त्यातली एक खाली बोलत होती. कधी पहिली, कधी तिसरी. मी मुलींच्या जागा बदलल्या, पावे बदलले. मग दोन खाली बोलू लागले. वाऱ्याचं, उष्णतेचं, भिंतीवरून परत येणाऱ्या आवाजाचं, जे काही मला शिकवलं गेलं होतं ते सगळं लावून बघितलं. एकही लागू पडेना. शेवटी मी फक्त निरीक्षण करायचं ठरवलं. दोघी शेजारी उभ्या असल्या तर दोन्ही पावे खाली जात. त्याच दोघी अंगणाच्या दोन टोकांना उभ्या केल्या की एकच. माणसानं दोन्ही हात पसरावेत तेवढ्या अंतरात दोन, त्याबाहेर एक. तीन पावे एकदम कधीच नाहीत. पाचहीजणींना खेटून उभं केलं तरी तीन नाहीत.

मुलींना मी घरी पाठवलं. त्यांना वाटलं मी त्यांच्यावर रागावले.

त्या दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी वत्सलाला पावा वाजवायला सांगितला आणि खडूची भुकटी एका पुठ्ठ्यावर घेऊन नळीच्या खालच्या टोकाजवळ धरली. वरचे सूर चालू होते तेव्हा भुकटी थरथरून उडत होती. मग सूर उतरला. भुकटी तशीच पडून राहिली. मी मान वर केली तेव्हा वत्सला वाजवता वाजवता एका हातानं पदर कपाळावर ओढत होती. अंगणात पुरुष आला की ती ओढत असे, तसा. अंगणात कुणी नव्हतं.

पुठ्ठा मी जपून आत नेला, तो का जपला ते मला आजही सांगता येणार नाही.

गठ्ठा उघडल्याचं नानांना दोन दिवसांनी कळलं. "गठ्ठा कोनी सोडा?" एवढंच त्यांनी पडवीतून विचारलं. मी पुढं झाले आणि नळ्यांचे पैसे देऊ केले, ते त्यांना अजिबात आवडलं नाही. बोलणं वाढत असतानाच मागच्या दारी वत्सलानं पावा वाजवला. का वाजवला ठाऊक नाही. कदाचित माझी सुटका व्हावी म्हणून. सूर खाली निघाला. नाना बोलता बोलता थांबले. मग ते अंगण ओलांडून मागच्या दारापर्यंत गेले, बराच वेळ पाठमोरे उभे राहिले आणि परत येऊन ओट्यावर बसले. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. मी इतक्या दिवसांत तो तसा पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून रोज ऊन उतरलं की ते तापीबाईंना सांगत, तिले म्हना वाजाड. वत्सला उंबऱ्याशी बसून वाजवी. नाना नळीच्या खालच्या टोकाकडं बघत शेतातल्या गोष्टी सांगत. कपाशीचं बी कुठलं आणलं, कुठला बैल लंगडतो. मध्ये थांबत, सूर ऐकत, मान हलवत. तापीबाई सुरुवातीला रडल्या, मग त्यांनीही सवय करून घेतली. एक ताट जास्त वाढायला लागल्या. त्या ताटातलं अन्न सकाळी गुरांना जाई.

मी नानांशी भांडले. सभ्य भाषेत, पण भांडलेच. पावा मी केला आहे, त्यात काय चुकलंय ते मला सापडलेलं नाही, एवढाच याचा अर्थ आहे, असं सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बाई, तुमनी चीज टिकाऊ शे. बांबूना ऱ्हाता तं कव्हयना फुटी जाता." माझ्या कामाचं त्या गावात झालेलं ते एकमेव कौतुक.

चार पावे मी शाळेत नेऊन ठेवले. पाचवा त्यांनी नेऊ दिला नाही.

जून उजाडला. सोमवारी मुलाखत होती, शहाद्याहून एसटी पकडावी लागणार होती. वत्सलानं पुन्हा सासूला सांगितलं, सासूनं नानांना. मी कान देऊन होते. या वेळी उत्तर बदललं होतं.

"तो घरमाच शे. मंग हाई कोठे जास?" नाना म्हणाले. आणि थोड्या वेळानं, अगदी न्यायानं वागत असल्यासारखं, "त्याले इचारा. खाल्ला सूर निंघना म्हंजे नही."

खालचा सूर निघाला तर नाही, वरचा निघाला तर हो. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं जो माणूस नाही म्हणून सगळं अडलं होतं, तो आता आहे म्हणून अडणार होतं. आणि तिच्या वाटेवरचं हे दार मी माझ्या हातानं कानशीनं घासून लावलं होतं.

शनिवारी ऊन उतरत असताना आम्ही चौघं बसलो. नाना ओट्यावर, तापीबाई खांबाला टेकून, मी वत्सलाच्या शेजारी. ती उंबऱ्याशी फरशीवर बसली. पदर पुढं होता. तिनं सगळी भोकं झाकली आणि फुंकलं.

सूर खाली निघाला.

"नही म्हनस," नाना हळूच म्हणाले.

तिनं पुन्हा फुंकलं. खाली. श्वास जोरानं सोडला की सूर वर उडायला हवा. तो उडाला नाही. तिच्या मानेच्या शिरा ताणलेल्या मला दिसल्या.

मी वाकले. नळीचं टोक तिच्या गुडघ्यांपुढं, फरशीपासून वीतभर वर होतं. मी माझा तळवा त्याखाली नेला आणि वर उचलला. नळीची कड तळव्याला लागायला हवी होती.

ती लागायच्या आधीच माझा हात थांबला.

गार नव्हतं, गरम नव्हतं. माझ्याच हाताइतकं होतं.

मी हात काढून घेतला आणि पदराला पुसला. नानांचं लक्ष माझ्याकडं नव्हतं.

वत्सलानं पावा तोंडातून काढला. तो स्वतःकडं ओढला. तो आला नाही.

तिनं दोन्ही हातांनी धरून ओढला. कोपरं मागं गेली, बांगड्या मनगटावरून खाली घसरल्या. राखी नळी तिच्या मुठीत तशीच सरळ राहिली. तापीबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

मग वत्सलानं ओढायचं थांबवलं. डोक्यावरचा पदर मागं सारला. माझ्यासमोर, सासूसमोर, सासऱ्यासमोर. नानांच्या देखत तिचा सगळा चेहरा अंगणाच्या उजेडात उघडा मी पहिल्यांदा पाहिला.

तिनं एक एक करून बोटं उघडली आणि नळी सोडून दिली.

मी तिच्याकडंच बघत होते. खाली बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. प्लास्टिक फरशीवर पडल्याचा आवाज कसा येतो ते मला पक्कं ठाऊक होतं, मी त्याची वाट पाहत राहिले.

तो आला नाही.

वत्सला उठून उभी राहिली, आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा सासऱ्याशी बोलली.

"नाना, मी धुळाले जासू. मन्ही वाट देखानी नही."