पिंडाशेजारची नासपती

दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा वाईच्या घाटावर जमलेली मंडळी कुजबुजू लागली. साबळे सरांची कसली तरी इच्छा मागे राहिली असणार.

पिंडाशेजारी सरांच्या आवडीचं सगळं मांडलं होतं. थालीपीठ, चहा, आणि त्यांनी स्वतः घडवलेल्या ‘निर्मळ’ वाणाची एक नासपती, पिवळीधमक, अंगावर एकही डाग नसलेली. हिमालयातल्या रानटी नासपतीशी संकर करत सरांनी त्या वाणापायी बावीस वर्षं घातली होती. या झाडाच्या पानाफळांतून एक सूक्ष्म वास सुटे. माणसाच्या नाकाला तो कळत नसे, किडे मात्र दहा हातांवरूनच परत फिरत. औषध फवारायची गरजच उरली नव्हती. वाणाला मान्यता देणाऱ्या समितीच्या कागदावर आता फक्त सरांची सहकारी वसुधा पार्टे हिची सही बाकी होती. ती सोमवारी झाली, की लाखभर कलमं डोंगरातल्या बागांत जाणार होती.

सरांचा मुलगा तन्मय हात जोडून एकेक वचन देत होता. आईला सांभाळेन, घर विकणार नाही. एका चुलत्यांनी तर या भरात तंबाखू सोडण्याचंही कबूल करून टाकलं. कावळे पिंपळावर बसून सगळं ऐकत होते. गुरुजी दर्भाचा कावळा करायला दर्भ शोधू लागले.

वसुधा कावळ्यांकडेच बघत होती. त्यातला एक तीनदा खाली उतरला होता. हातभर अंतरापर्यंत यायचा, नासपतीकडे मान वाकडी करायचा आणि मागे उडायचा. प्रयोगाच्या जाळीत फळमाशी अशीच परतताना तिनं हजारदा पाहिली होती. पण ती माशी होती, हा पक्षी होता.

नमस्काराच्या निमित्तानं ती वाकली आणि नासपती पदराआड घेऊन मागे सरली. नेमकं त्याच वेळी तन्मय म्हणाला, “बाबा, तुमचा वाण बागांपर्यंत पोचवू.”

कावळा आला आणि पिंडाला शिवला.

सगळ्यांचे डोळे भरून आले. सरांच्या पत्नी इंदुमतीबाईंनी वसुधाचा हात धरला. “आता सहीला उशीर करू नकोस. त्यांनीच सांगितलं बघ.”

वसुधानं हात सोडवून घेतला. पायऱ्या उतरून तिनं फळ नदीत सोडलं, हात खळखळून धुतले. नव्वद दिवस उंदरांना हे फळ खाऊ घातलं आणि सगळे ठणठणीत राहिले, असा अहवाल तिनंच लिहिला होता. त्या पिंजऱ्यांत दुसरं काही खायला ठेवलंच नव्हतं, हे तिला आत्ता आठवलं.

वर इंदुमतीबाई नातीचं कौतुक सांगत होत्या. पाच वर्षांची शाल्मली दात आल्यापासून रोज ही नासपती खात होती. घाटावर सगळे डास मारून बेजार झाले होते, पोरीच्या अंगावर एक बसला नव्हता. घरचा कुत्रा मात्र हल्ली फाटकापाशीच झोपतो, म्हातारा झाला बिचारा, असंही त्या म्हणाल्या.

गुरुजींनी घाटावर बांधलेल्या गाईला भाताचा घास दिला, तो तिनं लगेच खाल्ला. मग शाल्मलीनं त्याच भातातला घास पुढे केला. गाईनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

हाताला काही लागलं असेल, म्हणून वसुधानं पोरीला नदीवर नेलं. कोपरापर्यंत हात चोळून धुतले आणि नवा घास दिला. शाल्मली पुढे झाली तशी गाय दोन पावलं मागे सरली. दावं ताणलं गेलं.

बाकीची मंडळी निघायच्या गडबडीत होती. त्यांच्यापैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. भाताचा हात तसाच पुढे धरून शाल्मलीनं वर पाहिलं.

“वसूमावशी, ती माझ्याच हातचं का खात नाही?”