घरी कूलर आहे का?

मागे लागून लागून जीव खाल्ला पोट्ट्यांनो. जेवल्यावर बिडी धड ओढू देत नाही. बसा मग. मधात कोणी हसलं तर मी उठून चालला जाईन.

जामुलचा चंपत, माझा शेजारी. यंदाची पौषातली अमावस्या. सकाळी भंगारवाला येणार होता, म्हणून रात्री जेवून तो मागच्या पडवीतून जुना कूलर काढाले गेला. बायको रुक्मा माहेरी. घरात एकटाच.

त्या कूलरचं असं. चंपतची लहान बहीण गुंजन, तिले रक्ताचा कॅन्सर. रायपूरले चंपतचाच बोनमॅरो तिले चढवला. वाचली पोरगी. भावाच्या घरी राहाले आली. डॉक्टरनं बजावलं होतं, हिले धूळ नको, ओलं गवत नको, कूलर तर नकोच. बुरशी सरळ फेफड्यात जाते. पण वैशाखातली गरमी चंपतले सहन होईना. मागल्या सालच्या कुबट गवताचाच कूलर लावला अन् घोरत पडला.

गुंजनले ताप, खोकला. परत रायपूरले नेलं. सीटीत डाव्या फेफड्यावर डाग. डॉक्टरनं विचारलं, "घरी कूलर आहे का?"

चंपत म्हणे, "नाही जी." ओरडा बसेल म्हणून.

गुंजन ऑक्सिजनच्या मास्कवरून नुसती पाहत राहिली. बोलाचा दम नव्हता तिले.

मग न्युमोनियाचंच औषध चाललं. शेवटी नळी टाकून फेफडं धुतलं, ते पाणी तपासलं, तेव्हा बुरशी निघाली. बुरशीचं औषध लावलं, पण उशीर झाला होता. गेली पोरगी.

तर चंपतनं कूलरले हात लावला. गवत ओलं. टाकीत पाणी नाही. वायर गुंडाळलेली. तरी पंखा फिरला. एक चक्कर... दुसरी...

कुबट वारा तोंडावर आला. अन् जाळीतून आवाज. मास्कमधून येते तसा.

"दादा... घरी कूलर आहे का?"

तो मागं सरकला.

"आहे का, दादा?"

खरं बोलला असता तर सुटला असता.

"ना... नाही."

पंखा थांबला. त्याच्या छातीवर कोणाचा तरी हात टेकला. थंड. ओला.

"तूच दिलं होतं, दादा... घे वापस."

सकाळी रुक्मा माहेरून आली, तिले त्यानं हे तापात सांगतलं, तिनं मले. तेव्हा कूलर कोरडा ठक्क होता. पण चंपतच्या सदऱ्यावर, डाव्या बाजूले, पाच बोटांची काळी बुरशी. सदरा जाळला. नवा घातला. संध्याकाळपर्यंत त्याच्यावरही... तिथंच.

आताही चंपत तो डाग झाकाले भर उन्हात स्वेटर घालून फिरते. पाहून या.

तापातल्या गुंजनले घेऊन रायपूरची गाडी निघतानाच मी म्हटलं होतं, "डॉक्टरले कूलरचं सांगून दे, बाबू." तर चारचौघांत मले म्हणे, "सठियाला बुढा, चूप बस." अजून माफी मागाले आला नाही, चंपत.