बाराव्या संगणकातलं घर

रुद्राणी त्या रविवारी सकाळच्या एसटीनं निंबग्याला गेली ती अगदी साध्या कामासाठी. भूकंपाला दुसऱ्या दिवशी वीस वर्षं होणार होती. जुनं निंबगा एका पहाटेत जमीनदोस्त झालं होतं आणि कोसभरावर सिमेंटचं नवं गाव वसलं होतं. तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक हणमंतराव यांनी वर्षभर म्हाताऱ्यांना विचारून जुनी घरं वहीत उतरवली होती. कुणाचं घर कुठं, दार कोणत्या दिशेला, माणसं किती. दोनशे बारा घरं. ती शाळेच्या बारा संगणकांवर नकाशात दिसायला हवी होती. सोमवारी अख्खं गाव बघायला येणार होतं.

रुद्राणी लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये संगणकांचं काम बघायची. साठ संगणकांवर माहिती साठवणारा डेटाबेसचा सर्व्हर आपोआप बसवणारी स्क्रिप्ट तिनंच लिहिली होती. इथं तिला त्याला फक्त नकाशा दाखवणारा जोड-प्रोग्राम, म्हणजे एक्स्टेन्शन, जोडायचं होतं. जेवणाच्या वेळेपर्यंत उरकेल, असं तिनं हणमंतरावांना सांगितलंही.

पण उरकलं नाही. स्क्रिप्टमध्ये तिनं व्हर्जन लिहिलंच नव्हतं, त्यामुळं सर्व्हर सगळ्यात नवा आला. एक्स्टेन्शन मात्र जुन्या सर्व्हरसाठी बनलेलं होतं, आणि येताना ते तो जुना सर्व्हरही सोबत घेऊन आलं. एकेका संगणकात दोन-दोन सर्व्हर बसले. जुना पहिल्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरशी बोलायच्या पहिल्या दारावर, नवा दुसऱ्यावर. घरांची यादी नव्यात आणि नकाशा जुन्यात. प्रत्येक पडद्यावर तीच एरर.

तिनं चहा घेतला आणि शांतपणे कामाला लागली. सर्व्हर आणि एक्स्टेन्शन, दोन्हींची जुळणारी व्हर्जनं स्क्रिप्टमध्ये नेमून दिली, जुना सर्व्हर काढून टाकायची ओळ घातली आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. एकामागून एक अकरा संगणकांवर नकाशा उमटला. तिला फार बरं वाटलं.

बारावा खिडकीजवळ होता. त्याच्यावरही नकाशा आला. पण जुना सर्व्हर खरंच गेला का, म्हणून तिनं पहिल्या पोर्टवर विचारून पाहिलं.

उत्तर आलं.

काहीतरी राहिलं असेल, असं ती स्वतःशीच म्हणाली. फोल्डर पाहिले, तर एकही फाईल उरलेली नव्हती. संगणक बंद करून चालू केला. दुसरा एखादा संगणक तर बोलत नसेल, म्हणून नेटवर्कची वायरही उपसली. तरी उत्तर आलं. शाळा सुनसान होती. दुपारचं ऊन फरशीवर पडलं होतं, आणि त्या सिमेंटच्या खोलीत कुठूनतरी ओल्या पांढऱ्या मातीचा वास यायला लागला... धाब्याच्या घराच्या भिंतींना येतो तसा.

तिनं त्या सर्व्हरला घरांची यादी मागितली. दोनशे तेरा ओळी आल्या. शेवटची ओळ तिनं भरलेली नव्हती. नाव शिवगंगा. घर तेलाच्या घाण्यामागं. दार पूर्वेला. माणसं एक.

व्हरांड्यात रत्नम्मा उद्याच्या कार्यक्रमासाठी झाडायला आली होती. शाळेची खिचडी तीच करायची, आणि ती जुन्या गावची होती. रुद्राणीनं तिला हाक मारली.

"मावशी, घाण्यामागं शिवगंगा नावाचं कुणी राहायचं का?"

झाडू थांबला. रत्नम्मा दाराशी आली, पण उंबरा काही ओलांडला नाही.

"हाव... ऱ्हायची. एकटीच व्हती. मागं कुनी ऱ्हायलंच न्हाई, मग नाव कोन सांगंल? सरांनी इचारलं तवा मला बी आठवली न्हाई. तुला कुनी सांगितलं, माय?"

रुद्राणीनं पडद्याकडं बोट दाखवलं. रत्नम्माला वाचता येत नव्हतं. तिनं दारातूनच हात जोडले.

ती ओळ रुद्राणीनं हातानं बाराही संगणकांच्या यादीत घातली. मग पुन्हा पहिल्या पोर्टवर विचारलं. आता तिथं कुणीच नव्हतं. वासही गेला होता.

सोमवारी हणमंतरावांनी एकेक घर वाचून दाखवलं. ज्याचं घर येई तो उठून नकाशात आपलं दार शोधी. काही रडले, काही हसले. शेवटी शिवगंगाचं नाव आलं तेव्हा उठायला कुणीच नव्हतं. मागून रत्नम्मा म्हणाली, "हाय." शाळेत हजेरी द्यावी तशी. रुद्राणी लातूरला परतली ती भरल्या मनानं, आणि त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

डिसेंबरात क्लासनं नांदेडला शाखा काढली. चाळीस कोरे करकरीत संगणक, खोक्यातून नुकतेच काढलेले. स्क्रिप्टमध्ये व्हर्जनं नेमलेली असल्यानं एकही एरर आली नाही. सर्व्हर मात्र तिनं दुसऱ्या पोर्टवर बसवला. पहिला रिकामा ठेवला. का, ते तिनं कुणालाच सांगितलं नाही.

निघण्याआधी, भर दुपारी, तिनं पहिल्या संगणकावर त्या रिकाम्या पोर्टवर विचारून पाहिलं. उत्तर आलं. यादीत एकच घर होतं, माणसं एक. दुसऱ्या संगणकावर दुसरं घर. तिसऱ्यावर तिसरं.

रुद्राणीनं खुर्ची ओढली, वही उघडली आणि नावं लिहीत चाळिसाव्या संगणकापर्यंत गेली. चाळीस घरं झाली. एकही नाव दोनदा आलं नव्हतं, आणि ती कुठं नेऊन वाचायची, तर कुठल्याच ओळीत गावाचं नाव नव्हतं.