की दे की!

माझी त्याच्याशी पहिली भेट जिन्यात झाली, आणि खरं सांगायचं तर ती आधी एका खताच्या पोत्याशी झाली. श्रावणातली दुपार होती. बाहेर ऊन आणि पाऊस एकदम पडत होते आणि राजारामपुरीतल्या त्या अरुंद जिन्यावरून एक भलंमोठं पोतं पायऱ्या चढत माझ्याकडे येत होतं. पोत्याखाली दोन पाय दिसत होते.

“ओ पावणं, दार उघडा की!” पोतं म्हणालं.

मी गडबडले. पप्पांच्या बदलीमुळे नागपूरहून कोल्हापुरात येऊन मला जेमतेम आठ दिवस झाले होते. “की... की नाही माझ्याकडे. चाबी सरांजवळ असन.”

पोतं थांबलं, मग गदगदा हलायला लागलं. त्याच्या कडेने एक भिजलेलं डोकं बाहेर आलं. कपाळावर पावसाचे थेंब, आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं सांगत बसले तर पुढचं राहून जाईल.

“दार उघडंच हाय,” तो हसत म्हणाला. “नुसतं ढकला की.”

“पुन्हा की?”

“ती चावी न्हाय ओ! आमची बोलायची पद्धत हाय. बस की, जेव की, ये की... मायेनं म्हणतात.”

पोत्यात सर्व्हर होता. एका कारखान्याच्या ऑफिसने बाद केलेला, आमच्या क्लाससाठी आणलेला. तो शिरोळचा प्रसेनजीत, मी सोनम. मौलाली सरांकडे सर्व्हर उभा करायला आणि सांभाळायला शिकायचं, तीन महिने.

लॅबमध्ये थंडी असायची. सर्व्हरच्या पंख्यांची एकसारखी घूं-घूं आणि हिरवे दिवे लुकलुकणारे... तिथे बसलं की मला जागेपणीच स्वप्नं पडायची. त्याचं मशीन एका टोकाला, माझं दुसऱ्या. सरांनी पहिल्या आठवड्यात पिंग करायला शिकवलं. म्हणजे आपल्या मशीनने दुसऱ्या मशीनला नुसतं विचारायचं, आहेस का? मी दिवसातून पन्नास वेळा त्याच्या मशीनला विचारायचे. एका मिलिसेकंदाच्या आत उत्तर यायचं. मशीनचा मालक मात्र बोलायला फार वेळ घेत होता.

एकदा त्याच्या आईचा फोन आला आणि तो “जय भीम, आई” म्हणाला, तेव्हा मी कीबोर्डवरून मान वर केली. आमच्या घरीही फोन असाच उचलतात. त्याने माझं बघणं बघितलं... आणि मला परकं गाव जरा कमी परकं वाटलं.

मग कीचा धडा आला. सर म्हणाले, “पोरांनो, प्रत्येकाच्या दोन की. प्रायव्हेट की कुणाला म्हंजे कुणाला द्यायची न्हाय, सख्ख्या आईला बी न्हाय. पब्लिक की समोरच्याला द्यायची. ती त्यानं आपल्या सर्व्हरवर ठेवली, की त्याचं दार तुमाला पासवर्ड न विचारता उघडतंय.”

प्रसेनजीत वाकून हळूच म्हणाला, “तुज्या मनाची कुठली की?”

“प्रायव्हेट.”

“बरं... आमी दाराबाहेर थांबतो की.”

मी इतकी लाजले की उगाचच माउस साफ करायला लागले.

दिवाळीनंतर पप्पांच्या बदलीची ऑर्डर आली. परत नागपूर. सरांच्या ओळखीच्या एका दवाखान्यात सर्व्हर सांभाळायला माणूस हवा होता आणि त्यांनी माझं नाव सुचवलं होतं, पण आधी शेवटचं प्रॅक्टिकल पास व्हायला हवं. पप्पा म्हणाले, “पास झाली तर रहाय इथं. नाही तर सामान बांध.”

प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी आम्ही कोपऱ्यावर चहा घेत होतो. प्रसेनजीतने काहीतरी विचारलं आणि नेमका उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून शेजारून गेला. मला काही ऐकू आलं नाही. त्याने मान खाली घालून पुन्हा विचारलं.

“ऱ्हाशील का... हितं? नोकरीसाठी न्हाय म्हणत मी.”

“उद्या सांगते,” म्हणाले आणि रिक्षात बसले. रिक्षाभर स्वतःला शिव्या दिल्या.

प्रॅक्टिकलला सरांनी नेमकी आमची जोडी लावली. मी माझ्या मशीनवरून त्याच्या सर्व्हरमध्ये शिरायचं, पासवर्डशिवाय, वीस मिनिटांत. मी भराभर सगळं केलं. सोळा मिनिटं झाली आणि पलीकडच्या टोकावरून आवाज आला, “सोनम, दे की!”

माझे हात थबकले. तीन महिन्यांत मी शहाणी झाले होते ना! की म्हणजे चावी नाही, की म्हणजे माया. तो कालचं उत्तर मागत होता. इथे, सगळ्यांसमोर! मी डोळे मिटले, एक फाईल उघडली, त्यात एकच शब्द लिहिला, “राहीन”, आणि पाठवून दिली.

तो स्क्रीनकडे बघतच राहिला. कानापर्यंत लाल झाला. मग उभा राहून ओरडला, “अगं, की! की दे की!”

लॅबभर हशा पिकला. सरांनी चष्मा वर केला. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं... पण घड्याळात दोनच मिनिटं होती. घाईघाईने पब्लिक की पाठवली. त्याने ती ठेवली, मला मान हलवून खूण केली. मी कमांड दिली. पासवर्ड विचारला नाही. दार उघडलं.

आत शिरणाऱ्याच्या स्वागताला प्रत्येक सर्व्हरवर एक ओळ असते. आम्ही सगळ्यांनी सरांनी दिलेलीच ठेवली होती. त्याच्या सर्व्हरवर तीही होती, पण तिच्याखाली आणखी एक होती, त्या दोन मिनिटांत लिहिलेली.

“आलीस? आता ऱ्हा की.”

अक्षरं पुसट व्हायला लागली, तेव्हा कळलं, माझे डोळे भरले होते. पलीकडून तो माझ्याकडे बघत होता, पहिल्या दिवशी जिन्यात होता तसाच भिजलेला, फक्त आज घामाने.

“काय गं, झालं का?” सरांनी विचारलं.

मी त्याच्याकडे बघतच म्हणाले, “झालं की, सर. ऱ्हाते की.”