शेवटच्या तळ्यातला गाळ

डोंगरमाथ्यावरची पाणथळ का आटत चालली, हे तिच्याच पोटातून काढायचं, एवढ्यासाठी आम्ही तिघं निघालो होतो: मी, बोअर मारणारा माझा दादा आणि बाई. बाई आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. निवृत्ती तोंडावर, गुडघे कामातून गेलेले. पुन्हा वर येणं त्यांना शक्य नव्हतं. रिकाम्या हाताने उतरायचं म्हणजे उभ्या आयुष्याच्या कामावर पाणी सोडायचं.

पोचलो तेव्हा अंगात त्राण उरलं नव्हतं. जुन्या नकाशातल्या तळ्यांचे आता नुसते भेगाळलेले खळगे उरले होते. एकच तळं शिल्लक होतं, काठाला शेवाळाची गादी आणि मध्ये गुडघाभर बर्फगार पाणी. दादा म्हणाला, यात उतरण्यापेक्षा मला इथेच पुरा.

कण्हत-कुथत पाइप गाळात उतरवला. ठरल्याइतका भरला, तरी बाईंचं समाधान होईना.

"अजून एक वीत," त्या म्हणाल्या. "तळं जन्मलं कधी, ते खालीच कळेल."

वाद घालण्यापेक्षा घण मारणं सोपं वाटलं. पाइप कचकन खाली गेला! वर ओढला, तर आत काळ्या गाळाचे थर, मधूनमधून कोरड्या काळातल्या वाळूचे पट्टे आणि बुडाला राखाडी चिकणमाती. म्हणजे तळं पूर्वीही आटलं होतं आणि पुन्हा भरलं होतं! आताचं आटणं तसंच की निराळं, हे थरांचं वय काढलं की कळणार होतं. बाई गुडघे विसरल्या.

तेवढ्यात गुडगुड ऐकू आली. पाणी भोकात शिरत होतं! तळ्याला धरून ठेवणारा चिकणमातीचा थर आम्हीच फोडला होता. खाली सगळी खडी. दादाने दगड कोंबला. गेला! गोणपाट कोंबलं. तेही गेलं! पाइपातली चिकणमाती ठासली, ती पुरेना. काठाचं शेवाळ उघडं पडू लागलं.

मी म्हटलं, बाकीचा गाळही आत जाण्याआधी त्याचे निदान फोटो काढते.

"फोटोवरून वय निघत नाही गं," बाई म्हणाल्या. मग दादाकडे वळल्या. "घाला सगळा परत. मला उत्तर हवंय, पण या तळ्याचा जीव घेऊन नको."

आणि त्याच आधी वाकल्या. थरामागून थर आम्ही आत ठासत गेलो. बोटं बधिर झाली, पाठी मोडल्या. गुडगुड मंदावली. थांबली!

बाई काठावर बसल्या. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. मी धुवायला पाणी ओतू लागले, तर त्यांनी हात मागे घेतले.

"राहू दे," त्या म्हणाल्या, "खाली पोचेपर्यंत तरी."