खिशातलं कार्ड

दोन हजार सात सालची गोष्ट. फ्रीगंजातल्या आपल्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात गोपाळकृष्णनं वहिनीचा लॅपटॉप टेबलावर घेतला, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तक्रार रोजचीच, वायरलेस लागत नाही. आणि लागणार तरी कसं हो? वायरलेसचं कार्ड या हरामखोरानंच सकाळी तिच्या घरी जाऊन खालचं झाकण उघडून उपसलं होतं आणि शर्टाच्या खिशात टाकलं होतं!

मोठा भाऊ आल्हाद देवास रोडवर अपघातात जाऊन चार महिने झाले होते. तो नोकरीला होता त्या कॉलेजनं त्याची जागा बायकोला, प्रतिभाला देऊ केली होती. होकार आल्हादच्याच मेलवरून आज पाचच्या आत हवा, नाहीतर जागा धाकट्या भावाला, म्हणजे गोपाळकृष्णला. पासवर्ड फक्त या लॅपटॉपला ठाऊक, आणि केबल लावायची खाच अपघातात फुटलेली.

"वहिनी, हे लिनक्स आहे. ड्रायव्हरच सापडत नाही. दादाला नसते शौक!"

"त्यांना नावं ठेवू नका!" प्रतिभा कडाडली. आल्हादनं तिच्यासाठी लिहून ठेवलेली वही तिनं उघडली. "सरका. मी बघते."

ती वहीतली एकेक ओळ टाइप करू लागली. उत्तर एकच, असं उपकरण नाही. चार वाजले, साडेचार झाले. ती एंटर आपटायची आणि हा शेजारी बसून च्च च्च करायचा. मेल्याला लाज कशी ती नाही!

पाचला आठ मिनिटं असताना लॅपटॉपमधून पेट्रोलचा वास आला. मग वायरलेसचा निळा दिवा लागला. पडद्यावर एकच नेटवर्क होतं... आल्हाद.

गोपाळकृष्णनं खिसा चाचपला. कार्ड तिथंच होतं, पण चटका बसेल इतकं तापलेलं.

"वहिनी... ते नका जोडू..."

"का?" प्रतिभानं त्याच्या खिशावरच्या हाताकडे पाहिलं आणि कार्ड हिसकून घेतलं. लॅपटॉप उलटा करून झाकण काढलं. आत रिकामी जागा, दोन सुट्या तारा. दिवा मात्र चालूच.

तिनं लॅपटॉप सरळ केला, ते नेटवर्क जोडलं, होकार लिहिला, पाठवला. चार छप्पन्न.

"सख्ख्या भावाच्या बायकोच्या तोंडचा घास काढत होतात, भावजी? पुन्हा माझ्या दारात दिसलात तर तंगडं मोडीन!"

कार्ड त्याच्या अंगावर फेकून ती निघून गेली. गोपाळकृष्णनं ते त्याच संध्याकाळी रामघाटावरून क्षिप्रेत भिरकावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं गिऱ्हाईक आपला लॅपटॉप उघडाच घेऊन आत आलं.

"भैया, ये आल्हाद आपका नेटवर्क है क्या? सड़क पे एक डंडी थी, आपके पास आते ही फुल हो गया."

गोपाळकृष्ण उठला आणि मागच्या दारानं थेट गल्लीच्या टोकापर्यंत पळाला. तिथं रिक्षात एक मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"अंकल... ये आल्हाद कौन है?"