मदतीला आलेली बाजू

मेंदूचं स्कॅनिंग करणं हे माझं काम. मशीनमध्ये आडव्या झालेल्या माणसाला पडद्यावर चार शब्द दिसतात. ते पुसले जातात, पडदा थोडा वेळ कोरा राहतो आणि मग एकच शब्द येतो. तो आधीच्या चारांत होता की नाही, एवढंच बटण दाबून सांगायचं. तरुणांचं हे काम बहुतेक मेंदूच्या एका बाजूवर भागतं. वय वाढलं की दुसरी बाजूही मदतीला धावते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

आज मशीनमध्ये आई होती. घरच्या माणसाची तपासणी आपण करायची नसते, पण आई हल्ली विसरते, तपासून घेच, म्हणून दादा हट्टाला पेटलाय. निकाल वाईट आला तर आईचं एकटीनं राहणं बंद. आणि घर सोडायचं नुसतं नाव काढलं तरी ती उठून आत निघून जाते.

"बोगद्यात कोंबायचं आणि वर गप्प पड म्हणायचं. छान पांग फेडतेस, ठमे," ती आतून म्हणाली.

"आई, डोकं हलवू नकोस."

सुरुवातीची सगळी उत्तरं चुकली. माझा जीव तुटत होता. माझी जुनी खोड आहे, समोरच्याबरोबर शब्द मीही मनात धरून ठेवते. आज जरा घट्टच धरले. छत्री, शिडी, कंगवा, दोरा. घे ना गं आई, माझ्याकडचे घे.

पुढचं उत्तर बरोबर आलं. त्याच्या पुढचंही. तिच्या मेंदूची दुसरी बाजू उजळली होती. वयाप्रमाणेच आहे, मी स्वतःला म्हटलं.

मग लक्षात आलं, शब्द पुसले की माझ्याकडे काहीच उरत नव्हतं. पुन्हा करून पाहिलं. पडदा कोरा, डोकंही कोरं. आईचं बटण मात्र अचूक.

"तुझा डबा गाडीतच राहिलाय बघ. मागच्या सीटवर," स्पीकरमधून आई म्हणाली.

ती बसनं आली होती. माझी गाडी तिनं आज पाहिलीच नव्हती.

मला भीती वाटली. थांबवायचं बटण समोरच होतं. मी हात उचलला, आणि कशासाठी उचलला तेच आठवेना.

निकाल उत्तम आला. तिशीतल्या माणसाला शोभेल असा.

आता दार उघडतं. एक वयस्कर बाई हसत बाहेर येतात. चेहरा अगदी टवटवीत.

"चल ठमे, घरी जाऊ," त्या म्हणतात.

कोणाला हाक मारतायत म्हणून मी मागे वळून बघते.